सुरेखाचा दगड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवासमोर बसूनही नाही — देवासमोर तर मुळीच नाही, त्याचं कारण पुढे येईल. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि एकदा सुरुवात केली की मी मध्येच उठणार नाही, एवढी माझी मला खात्री आहे. हातात घेतलेलं काम मी अर्धं सोडत नाही. लोक माझ्याबद्दल हेच तर सांगतात.

लोक आणखीही बरंच सांगतात. कुणाच्या घरी लग्न निघालं की आधी मला बोलावणं येतं. किती पातेली, किती चादरी, वरपक्षाला कुठे उतरवायचं, ते बाईंना विचारा. बाई यादी करतील. माझ्या पर्समध्ये सुईदोऱ्यापासून पोटदुखीच्या गोळीपर्यंत सगळं असतं. बाईंच्या हातून चूक होत नाही, असं माझ्यासमोर म्हटलं जातं आणि मी नको नको म्हणते. त्या नको नकोमागे काय आहे, ते मी आज लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धरणगावजवळच्या एका गावात मी शाळेत शिकवत होते. सहल म्हणजे तेव्हा ठरलेला प्रकार — एसटी करायची, एक देऊळ, एक धरण, पुरी-चटणी, संध्याकाळी घरी. मला ते कधी आवडलं नाही. कापसाच्या सपाट रानात वाढलेली ही मुलं. हवा स्वच्छ असली की उत्तरेला सातपुडा निळ्या रेघेसारखा दिसायचा, आणि त्यांच्यासाठी तो तेवढाच होता. त्या रेघेच्या आत त्यांना पायी न्यायचं, असं मी ठरवलं. शिरपूरच्या वर डोंगरात जंगलखात्याचे जुने बंगले आहेत, एकमेकांपासून दिवसभराच्या चालीवर. पूर्वी साहेब लोक घोड्यावरून फिरतीला यायचे, त्यांच्या मुक्कामासाठी बांधलेले. पहिल्या बंगल्यावर मुक्काम, मग नदी ओलांडून मधला बंगला, मग घळीतून वर चढून घाटमाथ्यावरचा तिसरा. तिथून पलीकडे उतरलं की रस्ता आणि एसटी. मोठ्या माणसांनाही दम लागेल अशी वाट. सातवी-आठवीची मुलं नेतेस? — वेडी आहेस का, असं नवरा म्हणाला. मी म्हटलं, तयारी नीट असली की काही होत नाही.

तयारी नीट होती. हे मला आजही सांगावंसं वाटतं, बघा — अजूनही.

दोन मुलांबद्दल आधी सांगते, कारण बाकी सगळं त्या दोघांभोवती आहे.

एक सुरेखा. आठवीत. घरी शेती, ज्वारी आणि कापूस. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला ही माळ्यावर उभी राहायची, आणि हिच्या गोफणीतून सुटलेला दगड जिथे मारला तिथेच लागायचा. वर्गातही तसंच. गणिताला हात वर केला की उत्तर बरोबर. तिच्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं. मुलीला डोंगरात पाठवायला ते तयार नव्हते. पोरीची जात, तीन मुक्काम, बरोबर कोण, रात्री कुठे निजायचं — मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर घेऊन गेले होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"तुम्हीन शेतस ना संगे?"

मी म्हटलं, मी आहे.

"मंग जाऊ द्या."

दुसरा पारस. सातवीत, लहानखुरा. त्याच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन बाजारात कापडाचं दुकान टाकलेलं. एकुलता एक. त्याच्या आईनं त्याच्याबरोबर इतकं खाणं दिलं होतं की पिशवी त्याच्यापेक्षा जड. पहिल्या बंगल्यावर पिशव्या उघडल्या तेव्हा सुरेखा म्हणाली, "पारस, इथं दुकान मांडस का काय?" तो म्हणाला, "तुझ्या खिशात खडी आहे, त्याचं काय? तू रस्ता बांधतेस?" सगळी हसली. तिच्या खिशात खरंच गोटे होते, आणि पिशवीत गोफण. गोफण मी काढून घेतली. गोटे तिनं माझ्यासमोर ओट्याखाली ओतले. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली — ती त्याची पिशवी उचलायची, तो तिला लाडू द्यायचा.

त्याच संध्याकाळी मी मुलांच्या पिशव्यांतून वासाचं तेल, पावडर, उदबत्तीसारखं जे काही होतं ते सगळं गोळा केलं. कारण तिसऱ्या दिवशीच्या घळीत, डाव्या हाताच्या कड्यावर, आग्या मोहोळं होती. मोठाली, सुपाएवढी, काळी. जंगलखात्याच्या माणसानं सांगितलं होतं आणि मीही वाचलं होतं. मुलांना समोर बसवून मी नियम सांगितले. घळीत बोलायचं नाही. दगड मारायचा नाही. वासाचं काही लावायचं नाही. विस्तव, धूर — अजिबात नाही. धुरानं मोहोळ पिसाळतं. पुढे, शाळेतून बरोबर आलेले चौधरी सर चालतील, सर्वांत मागे मी. काही झालं, भीती वाटली, कुणी मागे राहिलं, तर मागे बाईंकडे यायचं. बाई तिथेच असतील. मी हे त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. काही झालं तर? — मागे बाईंकडे. पुन्हा. मागे बाईंकडे.

आणि माझ्या स्वतःच्या पिशवीच्या तळाशी, रुमालात गुंडाळलेला गोवरीचा तुकडा, तुपाची डबी आणि गुग्गुळ होता.

थांबते जरा. इथे मी नेहमी थांबते, मनातल्या मनात सांगतानासुद्धा.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. डॉक्टर झाले होते. सासूबाईंचे उपास झाले होते. त्यांच्या माहेरची देवी त्याच घळीच्या तोंडाशी होती — देऊळ नाही, कड्याच्या कपारीत शेंदूर फासलेला एक दगड. तिला गोवरीवर गुग्गुळ जाळायचा, सुनेनं स्वतःच्या हातानं, असं त्यांच्याकडे चालत आलेलं. मी निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी ते पुडकं माझ्या हातात दिलं. मी शाळेत अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेणारी बाई. त्यांच्यासमोर हसले. म्हटलं, आई, मुलं आहेत बरोबर, जमणार नाही. त्यांनी माझी मूठ पुडक्यावर मिटली. मी पुडकं पिशवीत टाकलं.

त्यांच्यासाठी टाकलं, असं मी कैक वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मलाच हवं होतं. तुम्हाला सांगायला काय हरकत आहे? दुसऱ्यांची मुलं रांगेत चालताना पाठीमागून बघत जायचं — पहिला दिवस, दुसरा दिवस — आणि मधूनमधून हात पिशवीत जायचा, पुडकं आहे ना हे बघायला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घळीपाशी आलो. दोन्ही बाजूंना उंच कडे, मध्ये ओढा, थंडीचे दिवस म्हणून थोडंच पाणी, धोंड्यांमधून डोहांत साठलेलं. वाट ओढ्याच्या कडेकडेनं वर जात होती. डाव्या कड्यावर, पुढे झुकलेल्या खडकाखाली, मोहोळं लटकलेली दिसत होती. मुलांनी मान वर करून पाहिली आणि एकदम गप्प झाली. मला तेव्हा अभिमान वाटला. एवढी मुलं, आणि चपलांखालचे खडे तेवढे वाजत होते.

कपार डावीकडेच होती. मोहोळांच्या खाली. बरोबर खाली नव्हती, जरा अलीकडे — असंही मी पुष्कळ वर्षं म्हणत आले.

रांग पुढे गेली. मी मागे राहिले. मागे राहणं हे माझं कामच होतं, कुणाला शंका येण्यासारखं काही नव्हतं. गुडघ्यावर बसले, गोवरी ठेवली, तूप घातलं. पहिल्या काडीला पेटली नाही. तेव्हा उठता आलं असतं. दुसऱ्या काडीला पेटली. गुग्गुळ टाकला. धूर आधी थोडासाच आला, मग दाट, पांढरा, आणि वारा नसल्यानं सरळ कड्याला धरून वर चढू लागला. मी हात जोडले. काय मागितलं ते तुम्हाला कळलंच असेल. मी डोळे मिटले होते. उघडले, धूर वर कुठपर्यंत गेला ते पाहिलं — पाहिलं मी — आणि गोवरी तशीच जळत ठेवून झपझप पुढे निघाले. नवसाचा धूर विझवायचा नसतो ना.

रांगेच्या टोकाला पोचले तेव्हा पुढे जरा खोळंबा झाला होता. उजव्या हाताला, ओढ्याच्या पलीकडे, आवळ्याचं झाड होतं, फळांनी लगडलेलं. सुरेखानं वाटेतला एक गोटा उचलला आणि मारला. मी मागून पाहिलं. गोफण नव्हती, नुसता हात. गोटा आवळ्याच्या फांदीला लागला, दोनचार आवळे पलीकडच्या वाळूत पडले, आणि गोटाही तिथेच, त्यांच्या शेजारी पडला. मला तो पडलेला दिसला. कड्याकडे तिची पाठ होती. चौधरी सरांनी मागे वळून पाहिलं तेव्हा तिचा हात अजून वर होता. सरांनी डोळे वटारले. ती ओशाळून हसली आणि पारसकडे पाहून तिनं जीभ चावली.

आणि मग तो आवाज आला. तुम्ही कधी ऐकला आहे? आधी वाटतं, कुठे तरी लांब ट्रक चढणीला लागला आहे. मग तो आवाज अंगावर येतो.

चौधरी सरांनी योग्य तेच केलं. पळा, पुढे पळा, चादरी डोक्यावर घ्या, असं ओरडत त्यांनी मुलं घळीच्या वरच्या अंगाला काढली. जवळजवळ सगळी मुलं त्यांच्यामागे पळाली. पारस मागून दुसरा होता. तो पुढे पळाला नाही. त्याला जे शिकवलं होतं ते त्यानं केलं. तो वळला आणि माझ्याकडे आला.

पण मी तिथे नव्हते.

मी मागे पळाले होते. कपारीकडे. आज मी हे अगदी सरळ लिहिते: मी मुलांना वाचवायला मागे गेले नव्हते. आवाज ऐकताक्षणी मला एकच गोष्ट सुचली, की ती गोवरी कुणाला दिसता कामा नये. धूर थांबला तर माश्या थांबतील असं मनात आलं होतं का? नंतर आलं. पुष्कळ नंतर, अंथरुणात पडल्या पडल्या. त्या क्षणी मी फक्त लपवायला पळाले. पायानं गोवरी ओढ्यात लोटली, राख पाण्यानं धुतली, वर ओली पानं सारली. मला माश्या चावत होत्या, मानेला, कानांना, आणि मी पानं सारत होते. मी काम नीट करते.

तेवढ्यात पारस मला हाका मारत खाली येत होता. बाई, बाई. मी ऐकलं. पानं सारून झाल्यावर मी वळले, तोवर तो धोंड्यांवरून घसरून खाली डोहाच्या कडेला पडला होता, हात अंगाखाली, आणि त्याच्यावर माश्याच माश्या. मी चादर टाकली, त्याला उचललं, छातीशी धरून घळीच्या बाहेर खाली पळाले. हे मी केलं, ते खरं आहे. माझा चेहरा इतका सुजला की दोन दिवस डोळे उघडत नव्हते, तेही खरं आहे. पण आधी गोवरी, मग पारस. हा क्रम कुणालाच माहीत नाही.

पारस वाचला. जंगलखात्याच्या जीपनं त्याला शिरपूरला नेलं, तिथून धुळ्याला. ताप उतरला, सूज उतरली. कोपर मात्र वाईट मोडलं होतं. ते बसवलं, पण हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. मोठेपणी दुकानात बसायला लागला तेव्हा कापड मोजायला नोकर ठेवावा लागला. तो तरी हसून सांगायचा, मी कसला कापडवाला, माझा वारच तोकडा.

बाकीच्या मुलांना थोडंफार चावलं होतं. सगळी वरच्या बंगल्यावर पोचली. तिथे उन्हं कलताना चौधरी सरांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, दगड कुणी मारला. त्यांना माहीत होतं. पण त्यांना तिच्या तोंडून ऐकायचं होतं. हे मी नंतर ऐकलं. मी तेव्हा पारसबरोबर जीपमध्ये होते. सुरेखा पुढे आली म्हणे, रडली नाही. म्हणाली, मी मारला. आवळ्याला मारला. सरांनी विचारलं, आवळ्याला मारला तर मोहोळाला कसा लागला? ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "उसळून लागला असेल, सर."

उसळून लागला असेल. तिचा नेम चुकत नाही हे तिला माहीत होतं. तरीही माश्या तर उठल्या होत्या, आणि दगड तर तिनं मारला होता. हुशार मुलगी होती. जे घडलं त्याचं उत्तर तिनं शोधलं.

शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. पारसचे वडील बसले होते, चौधरी सर होते. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, तुम्ही सर्वांत मागे होतात, तुम्हाला सगळं दिसत होतं. तुम्ही तिला दगड मारताना पाहिलंत का?

मी म्हटलं, "पाहिलं."

त्यात खोटं काय आहे? मी पाहिलं होतं. मला कुणी विचारलं नाही की दगड कुठे पडला. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? बारा वर्षं मी स्वतःला हे विचारते आहे, आणि उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

पुढे शाळेनं माझा सत्कार केला. शाल, नारळ. स्वतःच्या जिवाची पर्वा न करता, असं काहीसं बोललं गेलं. पारसच्या आईनं माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले.

आणि सासूबाईंनी एवढंच विचारलं, धूप लावलास ना? मी हो म्हटलं. पुढल्या साली मला मुलगा झाला. घरात सगळे म्हणतात, देवीनं ऐकलं. त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला म्हणतात. घरच्यांना धूर माहीत आहे, शाळेला माश्या माहीत आहेत. दोन्ही एकत्र माझ्याजवळच आहेत.

सुरेखा शाळेत यायची थांबली. आज येईल, उद्या येईल म्हणून मी वाट पाहिली, मग सायकल काढून तिच्या घरी गेले. तुम्हाला वाटेल, सांगायला गेले. मलाही तसंच वाटत होतं. वाटेत मी शब्दसुद्धा जुळवले होते. आबा, तिचा दगड लागला नाही, मी पाहिलं आहे — एवढंच पुरलं असतं. धुराचं काढायचीही गरज नव्हती. पण मग माश्या कशानं उठल्या, असं कुणी तरी विचारलंच असतं.

आबांनी मला खाटेवर बसवलं, स्वतः उभे राहिले. आत सुरेखा भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मी आले तेव्हा थांबला. आबांचा चेहरा आजारी माणसासारखा झाला होता. गावात लोक म्हणत होते, आबांच्या पोरीनं एकुलत्या एका लेकराचा हात घालवला. बाजारात त्यांनी पारसच्या वडिलांच्या पायावर पागोटं ठेवलं होतं. पारसचे वडील भले माणूस, त्यांनी उठवून जवळ घेतलं, चहा पाजला. आबांना ते जास्तच लागलं.

"बाई, तुम्हीन सांगा," ते म्हणाले. "पोर म्हनस, दगड मीच मारा. मना भरोसा बसत नही. ती पाखरूबी जीव जाई असं मारत नही, उडाडस फक्त. तुम्हीन व्हतात तठे. तुम्हीन म्हनशात ते खरं."

बघा, त्यांना मुलगी माहीत होती. त्यांनी दार उघडून धरलं होतं माझ्यासाठी. मी आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हटलं, "मारला आबा तिनं. मुद्दाम नाही मारला. लहान आहे."

आत भाकरी थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

आबा म्हणाले, "मंग शाया बस आते." शाळा पुरे आता. मी समजावलं, अहो हुशार आहे, असं करू नका, मी फुकट शिकवेन, मी पुस्तकं आणून देईन. खूप बोलले मी. शाळा सोडू नये यासाठी जेवढं बोलता येईल तेवढं बोलले, एक गोष्ट सोडून. ते माझं ऐकून घेत राहिले, मान हलवत राहिले. निघताना मी सुरेखाची गोफण परत दिली, माझ्याकडे राहिली होती. आबांनी ती घेतली आणि चुलीकडे टाकली.

तिचं लग्न लवकर झालं, एदलाबादकडे दिलं. पत्रिका आली होती. आम्ही गेलो नाही, मुलाला बरं नव्हतं. खरंच बरं नव्हतं.

मला वाटलं होतं, मी सांगायचं आहे ते एवढंच. पण एवढंच असतं तर मी कदाचित लिहिलं नसतं. माणूस भितो, लपवतो, गप्प बसतो. तुम्हीही कधी बसला असाल. मी यापुढे जे केलं ते गप्प बसणं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मी जळगावला बस स्टँडवर उभी होते. कुणी तरी मागून म्हणालं, बाई. वळले. अंगानं भरलेली, डोक्यावर पदर, हाताशी एक मुलगी. मी ओळखलं नाही. ती हसली.

"बाई, मी सुरेखा. दगडवाली."

तिनंच स्वतःला तसं म्हटलं. सहज. जसं आपण सांगतो, मी अमक्याची धाकटी.

आम्ही बाकावर बसलो. तिनं माझ्या मुलाची चौकशी केली, चौधरी सरांची केली, आणि मग पारसची. त्याचं लग्न झालं म्हटल्यावर तिनं मोठा श्वास सोडला. हात? — मी म्हटलं, तसाच आहे. तिची मुलगी फरशीवरचा एक खडा पायानं ढकलत होती. सुरेखानं न बघताच तिचा खांदा धरून तिला जवळ ओढलं. म्हणाली, हिची शाळा सहल काढते आहे, पण मी पाठवणार नाही. हिचाही हात गप्प राहत नाही, बाई. माझ्यावर गेली आहे.

मग तिनं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. म्हणाली, बाई, त्या वेळी सगळे मला बोलले. सर बोलले, आबा बोलले, आईनं मारलं. सासरी कळलं तेव्हा त्यांनीही बोलून घेतलं. तुम्ही एकट्या एक शब्द बोलला नाहीत. तुमचा चेहरा एवढा सुजला होता, माझ्यामुळे, आणि तरी तुम्ही घरी येऊन माझ्या शाळेसाठी भांडलात. मी आतून सगळं ऐकत होते. तेव्हापासून मनात आहे, की एकदा बाईंना भेटायचं आणि विचारायचं.

"तुम्ही मला माफ केलंत ना, बाई?"

स्टँडवर गर्दी होती. कुठल्याशा गाडीचं नाव पुकारत होते. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते, आठवीतल्या मुलीचे होते तसेच, उत्तर बरोबर आहे की चूक हे बघणारे. मी एकटी होते. शाळा नव्हती, मुख्याध्यापक नव्हते, आबा जाऊन वर्षं झाली होती. गमावण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. एक वाक्य मी बोलले असते तर तिची मुलगी त्या सहलीला गेली असती.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "केलं गं. केव्हाच केलं."

ती वाकून माझ्या पाया पडली. मुलीलाही पडायला लावलं. मी दोघींना आशीर्वाद दिला.